पायउतार

मनुष्य उतरणीला लागला, ही बातमी त्याला पहिल्यांदा कोण देते? आरसा देतो, असे कवी म्हणतात. एस्टीत जागा करून देणारा आणि वर ‘बसा काका’ म्हणणारा कॉलेजातला मुलगा देतो, असे माझे एक स्नेही म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. मला ही बातमी माझ्या मोटारसायकलीच्या सीटने दिली. आणि तीही भिगवणच्या आसपास, घरापासून जेमतेम ६०-६५ किलोमीटरांवर.

तसे पाहिले तर सरकारने ती आधीच दिली होती. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला गाडी चालविण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करायचे असेल, तर अर्जासोबत डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. चाळिशीपर्यंत माणूस स्वतःच्या शब्दावर धडधाकट असतो. पुढे त्याच्या धडधाकटपणाला साक्षीदार लागतो. पण सरकारी कागद आपण मनावर कोठे घेतो? सीटचे मात्र मनावर घ्यावेच लागते. ती बोलते ते थेट मणक्याशी.

मी टेंभुर्णीला राहतो. पुण्याहून सोलापूरला, तुळजापूरला किंवा अक्कलकोटला गेलेल्या बहुतेक वाचकांनी आमचे गाव पाहिलेले असते; फक्त तेथे कोणी उतरलेले नसते. एकीकडे पंढरपूर, दुसरीकडे अकलूज, तिसरीकडे करमाळा आणि चौथीकडे कुर्डुवाडी असे रस्ते जेथून फुटतात, ते हे माढा तालुक्यातले गाव. पुणे येथून सुमारे १६५ किलोमीटर. मी मराठी शिकवितो, वय ४७. मुलगी पुण्यात शिकते. महिन्यातून एका शनिवारी पहाटे तिच्या आईने बांधून दिलेला डबा घेऊन मी तिच्याकडे निघतो आणि रविवारी परत येतो.

‘एस्टी असताना मोटारसायकल कशाला?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारण्यात आला आहे, की त्याचे उत्तर आता मला विद्यार्थ्यासारखे पाठ झाले आहे. बोलणे हा माझा धंदा. आठवड्याचे सहा दिवस मी बोलतो, आणि सातव्या दिवशी बोललेले तपासतो. हेल्मेट डोक्यावर चढले की मात्र मला कोणी काही विचारू शकत नाही, आणि मलाही कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. संसारी माणसाला असे तीन-चार तास दुसरीकडे कोठे मिळतात, हे कोणाला ठाऊक असेल तर त्याने अवश्य कळवावे.

गेल्या वर्षी या सुखाला विघ्न आले. भिगवण येईपर्यंत उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले. कोपरावरून तळहातात उतरणारी एक नस या दोन बोटांना सांभाळते. हँडलवर हाताचा भार टाकून बराच वेळ बसले, की ती तळहाताच्या कडेला दाबली जाते. त्यात इंजिनाची थरथर भर घालते. डॉक्टरांनी हे नीट समजावून सांगितले, मान तपासली आणि विचारले, ‘‘गाडी सोडता येईल का?’’ घरी येऊन मी हा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. पण माझ्या पत्नीला त्यातले प्रश्नचिन्ह ऐकूच आले नाही. ‘‘अहो, डॉक्टरांनीच सांगितलंय!’’ एवढे म्हणून तिने विषय मिटविला.

मुलगी फोनवर म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही एस्टीनं या. तुम्ही निघालात की मी सकाळभर फोनकडे बघत बसते.’’

डॉक्टरांच्या प्रश्नाला मी काही तरी उत्तर शोधले असते. हिच्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या शांततेचे जेवढे तास, तेवढेच तिच्या घोराचे, असा हा सरळ हिशेब होता. मी घरात तीन महिन्यांची मुदत मागितली. तेवढ्या काळात बोटे जागी झाली नाहीत आणि घोर कमी झाला नाही, तर गाडी विकायची. मुदत मिळाली; पण गाडीला गिऱ्हाईक कोण मिळेल, याची चौकशीही त्याच संध्याकाळी सुरू झाली.

पहिला विचार अर्थातच सीटचा सुचला. आपली भाषा बऱ्याच अंशी घोड्यावर बसून आलेली आहे. माझा टेंभुर्णी ते पुणे हा रस्ता भीमेच्या खोऱ्यातला. मराठ्यांच्या फौजांनी ज्या भीमथडी तट्टांवर मुलूख पालथा घातला, ती तट्टे याच नदीकाठची. बुटकी, काटक आणि लांबच्या मजलेला टिकणारी. ते स्वार गेले. त्यांचे शब्द मात्र आपल्या बोलण्यात राहिले. मांड, लगाम, रिकीब, टाच. आणि त्यांतलाच एक ‘खोगीरभरती’. खोगीर फुगावे म्हणून त्यात जो गवताचा नि चिंध्यांचा भर घालीत, ती खोगीरभरती. पुढे समित्यांवर नुसत्या संख्येसाठी बसविलेल्या सभासदांनाही आपण हाच शब्द लावला.

आमच्या गावात सीटकव्हरे शिवणारा एक कारागीर आहे. त्याला मी खोगीरभरतीच करायला सांगितली. ‘‘जेवढी मऊ होईल तेवढी कर,’’ म्हटले. त्याने जुन्या स्पंजात अंगठा खुपसला, तो खालच्या पत्र्यापर्यंत गेला. ‘‘सर, मऊ मागू नगा. मऊ निजायला. बसायला घट्ट अन् रुंद पायजे.’’

या एका वाक्यात त्याने मला जे शिकविले, ते शोरूममधल्या गुळगुळीत कागदांत मला मिळाले नव्हते. बसताना माणसाचा भार दोन हाडांवर असतो. मऊ स्पंजात ती हाडे थोड्याच वेळात रुतून बसतात, मग भार मागे माकडहाडाकडे सरकतो आणि कंबर बोलू लागते. घट्ट, रुंद बैठकीवर भार पसरतो आणि माणूस रुतत नाही. त्याने जुना स्पंज काढून घट्ट फोम घातला, मागची बाजू रुंद केली, आणि सीटला टाकीकडे जो उतार होता तो सपाट केला. कारण त्या उतारावरून घसरू नये म्हणून माणूस नकळत हातांनी स्वतःला मागे रेटीत असतो, आणि तो सगळा जोर मनगटावर येतो. वर मी घोंगडीचा दुहेरी घडीचा तुकडा बांधला. रेक्झीन उन्हात तव्यासारखे तापते आणि घाम धरून ठेवते. घोंगडीच्या लोकरीतून वारा खेळतो. धनगरांना हे केव्हापासून ठाऊक आहे!

मग मिस्त्रीकडे गेलो. त्याने हँडल इंच-दीड इंच वर आणि तेवढेच अंगाकडे आणले, म्हणजे कोपरे किंचित वाकलेली राहतात आणि खड्ड्याचा धक्का खांद्यापर्यंत पोहोचण्याआधी कोपरातच जिरतो. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या त्याने जराशा खाली झुकविल्या, म्हणजे मनगट मोडत नाही. मागच्या स्प्रिंगा एकट्या माणसाच्या वजनापुरत्या खाचेवर आणल्या. चाकात हवा कंपनीने सांगितली आहे तेवढीच ठेवायची. ‘थोडी जास्त मारू का?’ असे पंपावरचा मुलगा प्रेमाने विचारतो. पण ती जास्तीची हवा पुढे शंभर किलोमीटर आपल्या पाठीच्या कण्याला मोजावी लागते. राहिली हँडल धरण्याची रीत. ती मला आजीच्या अंगणातून आठवली. कोंबडीचे पिल्लू हातात धरताना, ते निसटणार नाही आणि गुदमरणारही नाही, अशी एक धरण्याची पद्धत असते. हँडल तसे धरावे.

एवढे झाले तरी वेग शिल्लक होता. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ होता, आता तो ६५ झाला आहे. चौपदरी आहे आणि गाडीला पळायला फूस देणारा आहे. पण अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ६० चे ८० केले, की वारा छातीवर जवळजवळ पावणेदोनपट जोराने रेटू लागतो. हा रेटा सोसते मान, आणि त्याच्या कानातल्या घोंगाटाने शिणतो मेंदू. १६५ किलोमीटरांत या वाढीव वेगाने फार तर चाळीस मिनिटे वाचतात, आणि ती पुण्यात पोहोचल्यावर मान चोळण्यात खर्च होतात. मी साठावर आलो. आता मला ट्रकवाले ओलांडून जातात. जाताना कोणी हात करतो, त्याला मीही हात करतो.

आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा ही शहरी वाचकाला सांगून कळणारी गोष्ट नव्हे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर चढतो. माणसाची कातडी साधारण ३३-३५ अंशांवर असते. हवा त्याहून तापली, की वारा अंग निववीत नाही, उलट तापवितो; भट्टीच्या तोंडाशी पंखा लावावा तसा. अशा वेळी तरुण पोरे शर्टाच्या गुंड्या सोडून भन्नाट जातात, आणि त्यांच्या शेजारून आमचा शेतकरी बाह्या मनगटापर्यंत सोडून, डोकेकान उपरण्याने गुंडाळून संथ जातो. शास्त्र शेतकऱ्याच्या बाजूचे आहे. कोरड्या वाऱ्यात घाम येताक्षणी उडून जातो, दिसतच नाही, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही. सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मानेभोवती ओले फडके असले, की तोच वारा कामाला लागतो. तहान लागल्यावर पाणी प्यावे हा तरुणांचा नियम. वय वाढते तशी तहानेची सूचना उशिरा येऊ लागते. तेव्हा आपण तिच्या आधी पोहोचलेले बरे.

आणि दिवेलागणीच्या आत घर. चाळिशीनंतर डोळ्यांत उजेड कमी शिरतो, आणि समोरच्या दिव्याने दिपलेले डोळे सावरायलाही वेळ लागतो. त्यात आमच्याकडे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, कित्येकदा मागे तांबडा दिवा नसलेल्या, अंधारात अंधारासारख्याच चालत असतात. तेथे अनुभव उपयोगी पडत नाही, उजेड लागतो.

पण वाचकहो, सगळ्यांत मोठे औषध मला सीटकव्हरवाल्याकडे मिळाले नाही, मिस्त्रीकडेही मिळाले नाही. ते वारीत मिळाले.

आषाढी वारीला तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली, की लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करीत ती माझ्याच रस्त्याने येते. पाटसहून ती बारामतीकडे वळते, इंदापूरला पुन्हा या रस्त्याला भेटते, आणि सराटी-अकलूजवरून पंढरपूरला जाते. रात्रीचा तो मुक्काम. दिवसा वाटेत असतो तो विसावा. या विसाव्याची गंमत पाहा. थकवा आला म्हणून तो घेत नाहीत. तो ठरलेला असतो. पाय दुखोत न दुखोत, विसाव्याची जागा आली की पालखी टेकते, आणि पंचविशीतला वारकरी आणि पंचाहत्तरीतला वारकरी एकाच झाडाखाली बसतात. कोणी कोणासाठी थांबलेला नसतो, म्हणून कोणी म्हातारा ठरत नाही. दमल्यावर थांबणाऱ्याला थांबण्याची लाज वाटते. वेळेवर थांबणाऱ्याला तशी लाज बाळगण्याचे कारणच उरत नाही.

मी माझे तीन विसावे ठरविले. पहिला पळसदेवाजवळ. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. रस्ता सोडून पाण्याच्या कडेला गेले, की उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पळसनाथाचे बुडालेले देऊळ वर आलेले दिसते. वर्षानुवर्षे मी त्याच्या जवळून गेलो होतो, आणि विसावा ठरेपर्यंत त्याची माझी गाठ पडलेली नव्हती. दुसरा विसावा चौफुल्याला. चौफुला म्हटले की कलाकेंद्रे आठवून माझे काही मित्र डोळे मिचकावतात. मी तेथे पहाटेच्या पारी चहा घेतो, आणि त्या वेळी घुंगरेही झोपलेली असतात. तिसरा लोणी काळभोरच्या अलीकडे, शहराच्या गर्दीत शिरण्यापूर्वी. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे. हेल्मेट काढायचे, दोनशे पावले चालायचे, खांदे फिरवायचे, बोटे उघडायची-मिटायची, पाणी प्यायचे. आणि मुलीला एक निरोप पाठवायचा: ‘पळसदेव’, ‘चौफुला’, ‘लोणी’. तिला आता सकाळभर फोनकडे बघावे लागत नाही. माझ्या विसाव्याला तिलाही विसावा मिळतो.

पूर्वी मी सव्वातीन तासांत पुण्याला पोहोचत असे. आता चार तास लागतात. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस बोटे बहुतेक शुद्धीवर आली. थंडीच्या पहाटे करंगळी अजून झिणझिणते. डॉक्टरांनी पुन्हा तपासले आणि म्हणाले, ‘‘एवढ्यावर राहिलं तर चालवा. वाढलं तर त्याच दिवशी या.’’ घरात गिऱ्हाइकाचा विषय तूर्त मागे पडला आहे. ‘तूर्त’ हा शब्द माझ्या पत्नीचा.

हा ‘तूर्त’ मला पूर्वी बोचला असता. आता बोचत नाही, याचे श्रेय माझ्या धाकट्या मामांना. ते ग्रामसेवक होते. माढा नि करमाळा तालुक्यांतल्या वाड्यावस्त्या त्यांनी राजदूत गाडीवर पालथ्या घातल्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी ती दोन-स्ट्रोक गाडी. तिचा धूर आधी दिसायचा आणि मामा मागून. निवृत्तीनंतरही ते गाडी चालवीत. रोज सकाळी कोठे जायचे असो वा नसो, ते गाडी पुसून डबल स्टँडवर चढवीत. ही त्यांची परीक्षा होती. ‘‘हातानं उचलायची नसते ती. पाय दाबायचा, कंबर सरळ ठेवायची, तोल सांभाळायचा. हे तिन्ही जागेवर असलं तरच रस्त्यावर जायचं,’’ असे ते मला सांगत. वयाच्या ७१ व्या वर्षी एका सकाळी गाडी चढली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा पाय दाबला. पुन्हा चढली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. गाडी साइड स्टँडवर टेकवली, किल्ली आत नेऊन खुंटीला अडकवली आणि मामींना म्हणाले, ‘‘चहा टाक.’’ त्या दिवसानंतर ती किल्ली त्यांनी उचलली नाही, आणि त्या दिवसाआधी ‘आता गाडी सोडा’ असे कोणाला त्यांना म्हणावे लागले नाही.

मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे: पायउतार होणे. घोड्यावरून खाली उतरून पायी होणे, एवढाच त्याचा सरळ अर्थ. वर्तमानपत्रांनी तो मंत्र्यांना देऊन टाकला. मात्र बातमीतले क्रियापद जरा निरखून पाहावे. मंत्री बहुधा पायउतार ‘होत’ नाहीत. त्यांना पायउतार ‘व्हावे लागते’. व्याकरण शिकविताना हा फरक मी फळ्यावर लिहून दाखवितो. मामा पायउतार झाले. प्रवासात तासातासाला उतरणारा माणूस हेच क्रियापद गिरवीत असतो, असे मला वाटते. पळसदेवाला उतरायला ज्याला जड जाते, त्याला खुंटीपर्यंत जाणे कसे जमावे?

मामा आता ७६ वर्षांचे आहेत. शुद्ध एकादशीला ते माझ्या मागे बसून पंढरपूरला येतात. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला टेकायला कमान बसवून घेतली आहे आणि घोंगडी मागपर्यंत वाढविली आहे. टेंभुर्णीहून पंढरपूर काही फार लांब नाही. तरी वाटेत करकंबला माझ्या खांद्यावर दोन बोटांची थाप पडते, आणि मी गाडी कडेला घेतो. मामा सावकाश उतरतात, धोतराचा सोगा सारखा करतात आणि हात मागे बांधून उभे राहतात. माझ्याकडे पाहत नाहीत. माझ्या उजव्या पायाकडे पाहतात. मी डबल स्टँडवर पाय दाबतो, कंबर सरळ धरतो, आणि गाडी खट्कन वर चढते.

‘‘एका दमात?’’ मामा विचारतात.

‘‘एका दमात, मामा.’’

‘‘मग चल, चहा घेऊ.’’